ऑरिन हँगर का तापवतोय

२१ सप्टेंबर

ऑरिन आज होडीने नदी ओलांडून आला. व्हर्लचा धाकटा भाऊ, तोही वैमानिक. व्हर्लला मातीत ठेवलं त्या दिवशी तो टोपी हातात धरून सगळ्यांच्या मागे उभा होता आणि कॉफी न पिता निघून गेला होता. त्याआधी कित्येक वर्षं दोघा भावांचं बोलणं नव्हतं. भांडण कशावरून झालं ते व्हर्लने मला कधी धड सांगितलं नाही. विचारलं की स्टोव्हमध्ये लाकूड सारायला उठायचा. आणि आज हा माणूस माझ्या दारात उभा राहून म्हणतो, "लिओटा, थंडी पडायच्या आत हँगरला आतून अस्तर लावून घेऊ. एक भट्टीही बसवू. नाहीतर विमान गारठून मरेल."

"विमान मरत नसतं," मी म्हटलं. "आणि मार्चमध्ये ते विकायचंच आहे."

"म्हणूनच म्हणतो. गोठलेलं विमान कोण घेतो?"

"मजुरी काय घेशील?"

"दुपारचं सूप."

फुकट काम करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. विचार करते म्हटलं. तेवढ्यात मार्नी आतून म्हणाली, "आई, हो म्हण ना." इतक्या लगेच.

व्हर्ल होता तोवर मला वही लागली नाही. मनात येईल ते त्याला सांगायचं आणि तो 'हं' म्हणायचा. आता 'हं' म्हणणारं कुणी नाही, म्हणून लिहिते.

२८ सप्टेंबर

शेवटी हो म्हटलं. गिऱ्हाईक ठरलेलं आहे. नदीच्या खालच्या अंगाला शिकाऱ्यांसाठी लॉज चालवणारा बर्चेट. विमान एकदा या गावातून गेलं की मला झोप लागेल, हे इथे स्पष्ट लिहिते. जूनमध्ये मार्नीने विचारलं होतं, "मी शिकू का उडवायला?" मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. गावच्या हॉलमध्ये भिंतीवर जे फोटो आहेत त्यातले निम्मे उडून परत न आलेल्यांचे आहेत. मी तिथे जेवणाची ताटं मांडते तेव्हा त्यांच्याकडे बघत नाही.

व्हर्लचं तसं झालं नाही. मेमध्ये तो उतरला, विमान हँगरसमोर आणून नीट उभं केलं आणि तिथेच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी जेवायला हाक मारायला गेले तेव्हा इंजिन अजून चालू होतं. विमानाने त्याला घरी आणून पोचवलं. पण ते सगळ्यांनाच आणून पोचवत नाही. मार्नी एकुलती एक आहे. चोवीस वर्षांची, गावच्या दवाखान्यात काम करते, डोकं ठिकाणावर आहे. ते तिथेच राहावं.

माझं ऐकून ती गप्प बसली होती. विषय संपला.

६ ऑक्टोबर

ऑरिनने होडीच्या चार खेपा करून बंद पडलेल्या मासळी कारखान्याच्या शीतघराचे पॅनेल आणले. जाड, पांढरे पत्रे, मधे फोम. "साल्मन गार ठेवायच्या भिंती आता विमान गरम ठेवणार," म्हणाला आणि आपणच हसला. आधी त्याने छप्पर नीट केलं. मेमध्ये, आम्ही कुणी जाग्यावर नसताना, वर साठलेल्या बर्फाच्या भाराने एक पत्रा खाली आला होता आणि विमानाच्या डाव्या पंखाचं कापड फाटून लोंबत होतं. बर्चेटला मी कळवलंय, आहे तसं घ्यायचं.

दुकान चालवणाऱ्या नॅस्टाला सांगितलं. तिला गप्पा विणायला कारण नको असतं, नुसता धागा लागतो.

"फुकटचा माणूस आणि फुकटचं सामान? लिओटा, त्याला तुझ्याशी लग्न करायचंय."

"माझं वय बघ गं."

"त्याचंही तेवढंच आहे की. दोघांचे दात एकत्र केले तर एक जबडा पुरा होईल."

मी पीठ घेऊन निघून आले. लग्नाचं काही नाही, तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तो मार्नीकडे बघतो आणि मार्नी त्याच्याकडे. मी खोलीत आले की दोघांचं बोलणं हवामानावर येतं.

१३ ऑक्टोबर

मला शाळा फारशी मिळाली नाही, पण व्हर्ल टपालाच्या पोत्यांबरोबर मला पुस्तकं आणून द्यायचा आणि त्यातली बरीच परत करायला विसरायचा. त्यात थंड मुलखातल्या घरबांधणीचं एक आहे. ते काढून वाचलं. अस्तराच्या आतल्या, उबदार बाजूला प्लॅस्टिकचा कागद लागतो, एकसंध, भोक न पाडता. नाहीतर आतली वाफ भिंतीत शिरते, तिथे गोठते आणि वसंतात सगळं कुजतं. आतून कुजलेली भिंत बाहेरून चांगली दिसते, असंही त्यात लिहिलंय. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

हँगरच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. आत जात नाही. मेपासून गेलेले नाही. कागद लावलेला होता, सांध्यांवर पट्ट्याही व्यवस्थित. पण भट्टी आत नव्हती. बाहेर भिंतीला टेकून त्याने वेगळं खोपटं बांधलंय. भट्टी तिथे बसणार आणि जाड नळातून गरम हवा आत जाणार.

"आतच का नाही बसवत?" मी विचारलं. "निम्मी ऊब बाहेरच राहील."

"आत जाळ नको."

"का?"

"विमानात पेट्रोल असतं, लिओटा."

"टाकी कामाला लागलास तेव्हाच रिकामी केलीय. तूच केलीस."

त्याने कान खाजवला. "वाफ राहते," म्हणाला आणि खिळे शोधायला लागला. खिळे त्याच्या तोंडातच होते.

आत असं काय ठेवणार आहे, जे पेट घेईल?

व्हर्लला कधी भट्टी लागली नाही. कडाक्याच्या थंडीत उतरला की इंजिनाचं गरम तेल डब्यात काढून घरात आणायचा आणि स्टोव्हमागे ठेवायचा. सकाळी ते परत ओतलं की इंजिन सुरू. स्टोव्हमागे लाकडी जमिनीवर डब्याचं काळं वर्तुळ उमटलंय. उन्हाळ्यात मी ते सोड्याने घासलं. गेलं नाही.

२४ ऑक्टोबर

नदी गोठली. भट्टी पेटवली. तेलाची टाकी माझ्या घरामागे आहे आणि तिथून खोपट्यापर्यंत नळी गेलीय. तोटी माझ्या मागच्या दाराशी. ते बरं आहे.

हँगर तापलं तसा पॅनेलमधून माशांचा वास सुटला, जुन्या, मुरलेल्या साल्मनचा. तासाभरात गावातले कुत्रे दाराशी येऊन बसले, प्रार्थनेला बसावेत तसे गंभीर. मार्नी इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. मेनंतर ती पहिल्यांदा अशी हसली. मीही हसले. मग घरी येऊन बसले आणि वाटलं, ही हँगरमध्ये काय करत होती? तिची तर कामाची वेळ होती.

५ नोव्हेंबर

मार्नी नखं रंगवायला लागलीय. चंदेरी. तिने लपवलं, पण भांडी घासताना कडेला राहिलेला रंग दिसला. तिच्या केसांना गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो, बाटलीतल्या नखरंगासारखा. वर माशांचा वास, खाली हा.

महिन्यातून एकदा ती टपालाच्या विमानाने फेअरबँक्सला जाते. दवाखान्याचं प्रशिक्षण, म्हणते. परत येते तेव्हा गाल लाल आणि भूक दुप्पट. मागच्या वेळी विचारलं, काय शिकवलं? म्हणाली, "घाई करायची नाही." हे काय नर्सांना शिकवतात?

पुरुष आहे कुणीतरी. दुसरं काही असूच शकत नाही. आणि ऑरिनला तो माहीत आहे.

नॅस्टाला विचारलं, फेअरबँक्समध्ये मार्नीचं कुणी आहे असं कानावर आलंय का? तिने मान दुसरीकडे वळवली आणि माझ्यासाठी बटाटे निवडायला घेतले. नॅस्टाने कधी कुणाला बटाटे निवडून दिलेले नाहीत.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी रेडिओवर निरोप चालू होते. कुणाला नातू झाला, कुणाची बर्फगाडी मोडली, कुणी औषध मागवलं. मधेच: "लिओटासाठी, लॉजवरून बर्चेटचा निरोप. विमानासाठी मार्चच्या आरंभी येतो. धावपट्टीवरचा बर्फ दाबून ठेवावा."

साऱ्या नदीकाठाने ऐकलं. मार्नी रस्सा वाढत होती. तिने पळी भांड्यात ठेवली, हात पुसले आणि कोट घालून बाहेर गेली.

"कुठे निघालीस?"

"हवा खायला."

उणे तीस होतं. एवढ्या थंडीत हवा खायला कोण जातं? खिडकीतून पाहिलं तर हँगरच्या दारात उजेड दिसला आणि मिटला.

२२ नोव्हेंबर

आत पडदा लावलाय. जाड ताडपत्री, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आज दारातून वाकून पाहिलं तर विमानाचं फक्त शेपूट दिसत होतं.

"हे कशाला?" मी ऑरिनला विचारलं.

"ऊब धरायला. एवढी मोठी जागा तापवायची म्हणजे…"

"अस्तर कशाला लावलं मग?"

"तूच म्हणालीस ना, तेल फार जळतं."

मी असं म्हटलं नव्हतं. मनात म्हटलं होतं. म्हणजे तोंडावर दिसलं असणार.

भट्टी दिवसरात्र चालू असते. विमानाला एवढी ऊब लागत नाही. इंजिनावर गोधडी टाकली, तासभर गरम हवा दिली की पुरतं. इथल्या लहान पोरालाही ते माहीत आहे. इतकी ऊब माणसाला लागते. ऑरिनला आत राहायचंय का? नदीपलीकडचं त्याचं खोपटं जुनं झालंय. राहायचं तर राहा म्हणावं, पण विचारून. की त्याने कुणाला ठेवलंय? पडद्याच्या पलीकडून मला दोघांचं हसणं ऐकू आलं. मी खाकरले तसं थांबलं.

कुठेतरी पाणी मुरतंय.

३० नोव्हेंबर

नाश्त्याला मार्नी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा आडव्या वाऱ्यात उतरायचे तेव्हा कुठला पंख खाली धरायचे गं?"

"वाऱ्याकडचा," मी म्हटलं. बोलून गेले. इतकी वर्षं खिडकीतून बघत आले, माहीत असणारच. "का गं?"

"सहज."

तिने पाव तोंडात कोंबला. मला व्हर्लची आठवण करून देऊ नये म्हणून विषय बदलला असणार. चांगली आहे पोर. फक्त त्या माणसाचं नाव सांगत नाही.

७ डिसेंबर

आज दुपारी मी तोटी बंद केली.

रागात नाही, विचार करून केली. म्हटलं, भट्टी विझली की आत जो कोण राहतो तो बाहेर येईल, नाहीतर जो कोण त्याची काळजी करतो तो धावत येईल. खिडकीशी पुस्तक घेऊन बसले. ऑरिन सापळे बघायला गेला होता. मार्नी दवाखान्यात, कुणाच्या तरी बाळंतपणात अडकलेली. अंधार पडेपर्यंत खोपट्याच्या धुराड्यातून धूर येत राहिला, मग थांबला. कुणी आलं नाही. कुणी बाहेर पडलं नाही.

पुस्तकाचं एकही पान उलटलं गेलं नाही. उद्या सकाळी तोटी सोडीन.

८ डिसेंबर

सकाळी उठले तर मार्नी बाळंतपण आटोपून परस्पर हँगरमध्ये गेलेली होती. तिचा कोट खुंटीवर नव्हता आणि बर्फात पावलं सरळ तिकडे. मी मागोमाग गेले. दाराशीच ऐकू आलं. ती रडत होती. लहानपणी रडायची तशी, आवाज दाबून.

मी आत गेले.

मेनंतर पहिल्यांदा. विमान बघायचं नव्हतं, म्हणून सरळ पडद्याकडे बघत चालले आणि पडदा बाजूला केला. आत कुणी माणूस राहत नव्हता. बिछाना नव्हता. लाकडी घोड्यांवर विमानाचा डावा पंख आडवा ठेवलेला होता, नव्या, ताणून बसवलेल्या कापडाने मढवलेला, आणि त्यावर चंदेरी रोगण. बाजूला डबे, ब्रश, मार्नीचा दवाखान्यातला जुना पांढरा डगला, चंदेरी ठिपक्यांनी भरलेला. तोच वास. पंखाच्या एका टोकापासून निम्म्यापर्यंत चंदेरीवर पांढरं धुकं चढलेलं होतं, दुधाची साय धरावी तसं.

"काल सकाळीच शेवटचा हात दिला होता," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "रात्रभर ऊब हवी होती. भट्टी विझली. वाफ धरली रोगणाने. सगळं गेलं, आई. भट्टी कशी विझली कळत नाही. ऑरिनकाकाने तपासून—"

"मी तोटी बंद केली."

तेव्हा तिने पाहिलं.

"का?"

मला वाटलं इथे कुणीतरी पुरुष असेल, असं मी म्हणाले. ऐकताना मलाच ते कसं वाटलं ते लिहीत नाही.

ती हसलीही नाही. हातावरचं चंदेरी डगल्याला पुसत म्हणाली, "फेअरबँक्सला प्रशिक्षण नसतं. मी शिकते. ऑक्टोबरमध्ये एकटी उडाले."

मी घरी आले आणि तोटी सोडली. मग लक्षात आलं, भट्टी पुन्हा पेटवायलाही कुणीतरी लागतं. ऑरिनने संध्याकाळी पेटवली. त्यालाही कळलं असणार. सूप प्यायला आला नाही.

११ डिसेंबर

घरात बोलणं नाही. ती माझ्यापुढे ताट ठेवते, मी तिच्यापुढे. एका घरात राहून तिने मला सहा महिने फसवलं. ऑरिनने फसवलं. नॅस्टाने बटाटे निवडून फसवलं. सारं गाव माझ्याकडे बघून गप्प होतं. माझा संशय बरोबर होता. आत काहीतरी चाललं होतं. मग बरोबर ठरल्यावर माणसाला जसं वाटायला हवं तसं मला का वाटत नाही?

ऑक्टोबरमध्ये एकटी उडाली. त्या दिवशी मी काय करत होते ते आठवायचा प्रयत्न करते. बहुतेक झोपले असेन, किंवा वाचत असेन. मला काहीच जाणवलं नाही. जाणवायला हवं होतं.

१९ डिसेंबर

ऑरिन आला. टोपी काढून दाराशीच उभा राहिला, दफनाच्या दिवशी होता तसा. मी म्हटलं, "बस. कॉफी पिऊन जा या वेळी."

तो बसला. कॉफीचा एक घोट घेतला.

"आमचं भांडण कशावरून झालं तुला ठाऊक नाही ना?"

"तुम्ही दोघांनी सांगितलं नाहीत."

"मार्नी पंधराची असताना मी व्हर्लला म्हटलं, पोरीचा हात चांगला आहे, शिकव तिला. नाही म्हणाला. मी म्हटलं, भित्रा आहेस. त्याने मला पायऱ्यांवरून खाली ढकललं."

"व्हर्लने?"

"म्हणाला, मी एकटा वर असलो की लिओटा कशीबशी झोपते. दोघं वर गेलो तर कधीच झोपणार नाही." त्याने कॉफीत बघत सांगितलं. "मी म्हटलं, मग बायकोला विचार तरी. म्हणाला, तिला विचारलं तर ती हो म्हणेल, माझ्यासाठी. म्हणून विचारणार नाही."

मी उठले आणि स्टोव्हमध्ये लाकूड सारलं. लाकडाची गरज नव्हती.

"मी हो म्हटलं नसतं," मी म्हणाले.

"हं," ऑरिन म्हणाला. अगदी व्हर्लसारखं.

६ जानेवारी

पांढरं पडलेलं रोगण घासून काढावं लागतं. पाण्यात बुडवलेल्या बारीक कागदाने, कापड न दुखवता, मग पुन्हा हात. हे लिहिते आहे कारण आज मी घासत होते. प्लॅस्टिकचा कागद कुठे सुटलाय का ते बघायला आत गेले होते. मार्नी एकटीच काम करत होती आणि तिचा गोगलगाईचा वेग बघवेना.

"गोल गोल नको," ती म्हणाली. "सरळ. एका दिशेने."

"मी तुझ्या बापाचे शर्ट घासलेत. मला शिकवू नकोस."

"शर्ट उडत नव्हते, आई."

"तो घालून उडत होता."

तेवढंच बोललो. पुष्कळ होतं.

विमानाकडेही पाहिलं. व्हर्लची सीट तशीच आहे, पाठीकडे दबलेली. मला वाटलं होतं मी उभी राहू शकणार नाही. उभी राहिले.

अजून माझं म्हणणं तेच आहे. मार्चमध्ये बर्चेट येईल. पंख नीट झालेला बरा, एवढंच.

२७ जानेवारी

रोगणाचे सगळे हात झाले. पंख विमानाला चढवला. आणि टाकीत तेल संपलं. मी तोटी बंद केली त्या दिवसाने सगळं दुसऱ्यांदा करायला लावलं, तेल त्यातच गेलं. पुढची तेलाची मालनौका नदीतला बर्फ वितळल्यावर. हँगरची भट्टी आता थंड. कुत्रेही यायचे बंद झाले.

ऑरिनने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

फेअरबँक्सहून तपासनीस टपालाच्या विमानाने येणार आहे. त्याने पंख पाहून सही केली की विमान उडवता येईल, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत त्याला वेळ नाही.

मी आज दुकानात जाऊन रेडिओसाठी निरोप लिहून दिला. नॅस्टाने वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"लिओटा, नक्की?"

"पट्टीवर बर्फ फार आहे. खरं तेच लिहिलंय."

"काल माझ्या नवऱ्याने दाबला ना गं पट्टीवरचा बर्फ. काचेसारखी आहे."

"मग तुझ्या नवऱ्याला सांग, पुन्हा पडेल."

संध्याकाळी रेडिओने वाचलं: "लॉजवर बर्चेटसाठी, लिओटाचा निरोप. पट्टी उतरण्याजोगी नाही. येऊ नये." मार्नी रस्सा वाढत होती. ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

"रस्सा सांडतोय," मी म्हटलं.

बर्चेटला दुसरं विमान मिळेल. घाईने विकलं की भाव पडतो, एवढाच विचार केलाय मी.

१८ फेब्रुवारी

तपासनीस आला. बारीक, नाकावर बर्फाचा चट्टा, कमी बोलणारा. पंखावरून हात फिरवत टोकापर्यंत गेला आणि परत आला. "कुणी केलंय?" मार्नी म्हणाली, "मी." ऑरिनने माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "मी नुसतं घासलं." त्याने सही केली. रात्री तो नॅस्टाकडे राहील, उद्या टपालाबरोबर परत.

दुपारी ऑरिन इंजिनाखाली डबा धरून बसला होता. तेल दोरीसारखं पडत होतं, थंडीने घट्ट. उणे पस्तीस. "नॅस्टाच्या दुकानातल्या स्टोव्हवर नेतो," तो म्हणाला. "सकाळी गरम आणून ओतू."

"त्या डब्याला जागा आहे," मी म्हटलं.

त्याला कळायला क्षणभर लागला. मार्नीला नाही लागला. तिने त्याच्या हातातून डबा घेतला आणि बर्फातून घराकडे चालायला लागली, दोन्ही हातांनी धरून, पाय घसरू न देता. मी तिच्यापुढे जाऊन दार उघडलं. डबा वर्तुळात बरोबर बसला.

रात्रभर घराला तेलाचा वास. मला झोप लागली नाही. व्हर्लने म्हटलं होतं तसंच.

१९ फेब्रुवारी

सकाळी तेलात बोट घालून पाहिलं. व्हर्ल पाहायचा तसं. "झालंय," मी म्हटलं.

इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. आधी ऑरिन एकटा एक फेरी मारून आला. नवा पंख म्हणून तसंच करायचं असतं म्हणे. मग मार्नी पुढे बसली, ऑरिन मागे. दार लावताना ती म्हणाली, "जेवायच्या आत येते."

व्हर्लही हेच म्हणायचा. मला या वाक्यावर कधी भरवसा वाटला नाही.

मी घरात गेले. सूप चढवलं. खिडकीकडे पाठ करून बसले, मग तोंड करून. वारा पट्टीला आडवा होता, उत्तरेकडून. आवाज वळणावर पातळ होत गेला, टेकडीमागे गेला आणि ऐकू येईनासा झाला. पुस्तक घेतलं. तेच पान होतं. सूप एकदा उतू गेलं.

मग आवाज आला. मी खिडकीशी गेले नाही. मग गेले. उत्तरेकडचा पंख खाली धरला होता. चाकांच्या जागी लावलेल्या स्की बर्फाला टेकल्या, उचलल्या, पुन्हा टेकल्या आणि टेकलेल्या राहिल्या.

बराच वेळ कुणी घरात आलं नाही. मी हाक मारायला निघाले, दारापर्यंत गेले आणि थांबले. पट्टीवर शांतता होती. इंजिन बंद झालेलं होतं.

दार उघडलं. मार्नी डबा घेऊन आली, भुवयांवर बर्फ, श्वास वर आलेला. काही बोलली नाही. सरळ स्टोव्हमागे गेली आणि वाकून डबा वर्तुळात ठेवला.

"बोट पोळलं," ती म्हणाली.

"घाई करायची नाही," मी म्हटलं आणि तिचं बोट नळाखाली धरलं.